कबरीपाशी उभी राहिले आणि काहीच वाटलं नाही

मोहरीचा_दाणा:
माझ्या आईला यरुशलेमला जायचं होतं. बायबल वाचता वाचता मध्येच चष्मा काढायची आणि म्हणायची, "गालीलचं पाणी एकदा हाताला लागलं पाहिजे गं." आधी गुडघे गेले, मग बीपी, मग राहूनच गेलं. ती गेल्यावर दोन वर्षांनी, २०१९ च्या नोव्हेंबरात मी एका ग्रुपबरोबर गेले, तिची लाकडी मण्यांची रोझरी बरोबर घेऊन. नाझरेथ, गालील, यार्देन, बेथलेहेम आणि शेवटी यरुशलेम. सगळं त्या एका जागेसाठी राखून ठेवलं होतं मी मनात, मोठ्या चर्चमधल्या पवित्र कबरीसाठी, येशूला जिथे ठेवलं होतं असं मानतात.

रांगेत दीड तास गेला. त्या मोठ्या घुमटाखाली जी छोटी दगडी वास्तू आहे ना, तिच्यात आधी एक चिमुकली खोली, तिथून पार वाकून आत जायचं, आणि मग उजव्या हाताला ती संगमरवरी लादी. एका वेळी तीन-चारच माणसं मावतात. मी माळ लादीवर ठेवली, डोळे मिटले, मनात "आई" एवढाच शब्द आला आणि बाहेरून हाक आली, चला, पुढच्यांना येऊ द्या. मिनिटभरसुद्धा झालं नसेल.

बाहेर आले तर आमच्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि मी माळेचे मणी मोजत होते, एखादा निसटून आत तर राहिला नाही ना म्हणून. काही म्हणजे काही वाटलं नाही मला. पाय दुखत होते, तहान लागली होती, बस्स. रात्री हॉटेलवर खूप रडले पण ते कबरीमुळे नाही, मला वाटलं आईचा निरोप घेऊन इतक्या लांब आले आणि दारात पोचल्यावर तोच विसरले.

घरी कुणाला सांगितलं नाही. सगळे विचारतात "कसं वाटलं तिथे?" आणि मी म्हणते "शब्दच नाहीत". ते खरंही आहे, पण त्यांना वाटतं त्या अर्थाने नाही. इथे कुणी असं कोरडं परत आलंय का? आणि तुम्हाला आतून काही हललं असेल तर नेमकं कुठे?

लांबचा_पल्ला:
ताई, मी आलोय. माझं बेथलेहेमला झालं. तिथल्या गुहेत चौदा टोकांची चांदीची चांदणी आहे जमिनीत, "इथे कुमारी मरियेपासून येशू ख्रिस्त जन्मला" असं लॅटिनमध्ये कोरलेलं. गुडघ्यावर बसून हात लावला आणि डोक्यात विचार काय, तर मागच्या माणसाचा पाय माझ्या शर्टावर पडलाय. दोन महिने अपराधी वाटत होतं.

निवांत:
+१. मला वाटायचं मी एकटीच.

वचन_वही:
कुणाचं मन दुखवायचं नाही, मोहरीताई तुमचं तर अजिबातच नाही, पण मला वाटतं प्रश्नच उलटा आहे. लूक २४ काढा. बाया पहाटे कबरीकडे जातात तेव्हा त्यांना सांगितलं जातं की जिवंताला मेलेल्यांत का शोधता, तो इथे नाही. मग जिथे तो नाही असं वचनच सांगतं तिथे काही वाटलं नाही यात वावगं काय? योहान ४ मध्ये तर प्रभू स्वतः शोमरोनी बाईला सांगतो की ना या डोंगरावर ना यरुशलेमात, खरे उपासक आत्म्याने आणि खरेपणाने उपासना करतील. चौथ्या शतकातच निस्साच्या ग्रेगरी नावाच्या बिशपने लिहून ठेवलंय की जागा बदलल्याने देव जवळ येत नाही. मी आजवर गेलो नाही आणि जायची ओढही नाही. तेवढा पैसा गरजूंना द्यावा असं माझं प्रामाणिक मत आहे.

कंदील:
वहीदादा, ओढ नाही हे ठीक, पण जाऊन आलेल्या माणसाला ते असं सांगायला हवं होतं का? तिने प्रश्न आईबद्दल विचारलाय.

वचन_वही:
मान्य, शब्द कठोर झाले. ताई, माफ करा. मुद्दा मात्र तोच राहील माझा.

जुनी_पाने:
मुद्दा जुना आहे आणि वजनदारही आहे, पण तो मांडणारी माणसं काय करत होती तेही बघा. ग्रेगरीने ते लिहिलं ते स्वतः यरुशलेमला जाऊन आल्यावर. दुसरा जेरोम. त्याने एका पत्रात लिहिलंय की स्वर्गाचं दार यरुशलेममधून जितकं उघडं तितकंच ब्रिटनमधून. आणि हा गृहस्थ राहायचा कुठे, तर बेथलेहेमला! इ.स. ३८६ पासून ४२० साली मरेपर्यंत. बायबलचं लॅटिन भाषांतर बरंचसं तिथेच बसून केलं त्याने. त्याच्याबरोबर रोमहून आलेली पाउला नावाची विधवा होती, ती कबरीतल्या दगडाला कशी बिलगली होती तेही त्यानेच लिहिलंय. म्हणजे जागेने देव जवळ येत नाही हे पटलेला माणूससुद्धा त्या जागेपासून हलला नाही. मला हे दोन्ही एकदमच खरं वाटतं.

आणि मोहरीताई, घाईचं म्हणाल तर तीही आजची नाही. चौथ्या शतकाच्या शेवटी एगेरिया नावाची एक बाई कुठून कुठून प्रवास करत तिथे पोचली होती, तिने सगळं टिपून ठेवलंय. गुड फ्रायडेला क्रुसाचं लाकूड टेबलावर ठेवायचे, लोक एकेक करून येऊन ओठ लावून पुढे सरकायचे आणि डीकन, म्हणजे चर्चचे सेवक, भोवती पहारा द्यायचे. का? तर म्हणे पूर्वी कुणीतरी मुका घेता घेता चावून तुकडाच पळवला होता. तेव्हा "चला, पुढे सरका" सोळाशे वर्षं चालू आहे तिथे.

निवांत:
चावून!! बिचारा. किती ओढ असेल.

तिसरा_प्रहर:
बेथलेहेमचा विषय निघाला म्हणून. तिथल्या चर्चचं दार जेमतेम चार फूट उंच आहे, नम्रतेचं दार म्हणतात. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांचं डोकं चांगलंच आपटलं होतं, त्यामुळे वर बघत जाऊ नका. आणि जे कुणी जाणार असतील त्यांनी खांदे-गुडघे झाकणारे कपडे, एक मोठी ओढणी आणि घट्ट सोलचे बूट घ्या. जुन्या यरुशलेमचे दगड लोकांच्या चालण्याने इतके गुळगुळीत झालेत की पाऊस पडला की घसरायला होतं. कबरीला पहाटे जायचं, चर्च अंधारातच उघडतं. दुपारी गेलात तर ताईंसारखी दीड तासाची रांग.

कंदील:
ताई, माझा अनुभव सांगते. मलाही मोठ्या चर्चमध्ये नीट प्रार्थना करता आली नाही. धूप, घंटा, एकीकडे ग्रीक, एकीकडे लॅटिन, कुणाचं आर्मेनियन गायन, सगळं एकदम चालू. मग आम्ही दमास्कस गेटच्या बाहेर गार्डन टूम्बला गेलो. झाडं, बाकं, पक्ष्यांचा आवाज, आमच्या पाळकांनी तिथेच प्रभुभोजन दिलं. खडकातली ती कबर बघितली, आत रिकामी, दारावर पाटी की तो इथे नाही, तो उठला आहे. मी हुंदके देऊन रडले. माझ्यासाठी तीच जागा.

जुनी_पाने:
कंदीलताई, तुमचे अश्रू खरेच आहेत, पण जागा ती नसावी. ती कबर १८६७ मध्ये सापडली, १८८३ मध्ये जनरल गॉर्डनने जवळचा कवटीसारखा कडा बघून हेच कालवरी, म्हणजे येशूला क्रुसावर दिलं ती टेकडी, म्हणून उचलून धरली. नंतर पुरातत्त्ववाल्यांनी अभ्यास केला तेव्हा ती इसवीसनापूर्वी आठव्या-सातव्या शतकातली निघाली. शुभवर्तमानात तर "नवी कबर, जिच्यात अजून कुणाला ठेवलं नव्हतं" असं आहे. उलट मोठ्या चर्चची जागा आज गावात दिसते पण तेव्हा तटबंदीच्या बाहेर होती, त्या काळातल्या दुसऱ्या कबरी आजही त्याच चर्चच्या आत एका काळोख्या कोपऱ्यात बघता येतात. २०१६ च्या ऑक्टोबरात दुरुस्तीसाठी ती संगमरवरी लादी बाजूला केली तेव्हा खाली आणखी एक क्रूस कोरलेली लादी आणि तिच्याखाली मूळ खडकाचा ओटा मिळाला. खालच्या लादीचा चुना तपासला तर साधारण इ.स. ३४५ चा, म्हणजे रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने चर्च बांधलं त्याच सुमाराचा.

म्हणजे ताई, तुम्ही माळ ठेवली ना, तिच्याखाली तो खडक होता.

कंदील:
तिथल्या आमच्या गाईडनेही हेच सांगितलं की आम्ही जागेचा हट्ट धरत नाही, अशी बाग आणि अशी कबर कशी असेल ते इथे कळतं. मला तेवढं पुरलं. पण खरं सांगू का, तुमचं वाचून थोडं आत लागलं. मी चुकीच्या जागी रडले का मग?

वचन_वही:
नाही ताई. हेच तर मी मघापासून म्हणतोय.

कंदील:
वहीदादा, या वेळी तुमचं पटलं 🙂

रेघोट्या:
मी ख्रिश्चन नाही, देवाधर्माचाही फारसा नाही, आर्किटेक्ट म्हणून गेलो होतो. लिहावं की नाही असं करत होतो पण लिहितोच. सिंहद्वाराजवळ सेंट ॲन म्हणून क्रुसेडरांच्या वेळचं, बाराव्या शतकातलं चर्च आहे. आत सजावट जवळजवळ नाहीच, नुसता दगड आणि कमानी. मी मापं घेत होतो एवढ्यात पाच-सहा म्हाताऱ्या बायका आल्या, कुठल्या देशाच्या कळलं नाही, पुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात गायला लागल्या. एक ओळ संपली तरी दगड ती धरून ठेवतात, कितीतरी सेकंद, आणि दुसरी ओळ तिच्यावर येऊन बसते. सहा बायकांचा आवाज साठ जणींचा झाला. गाणं थांबल्यावर त्यांच्यातली कुणी हलली नाही, आवाज पुरता विरेपर्यंत तशाच उभ्या. मीही पट्टी हातात धरून तसाच. हिशोबाने सांगू शकतो की त्या वास्तूत आवाज असा का घुमतो. पण त्या बायका का थांबल्या होत्या ते मला तिथे उभं राहूनच कळलं.

शेजारीच बेथेस्दाचं तळं आहे, उत्खनन केलेलं. बरंच खोल आहे, माणसाला आधाराशिवाय उतरणं कठीण. योहानाच्या पाचव्या अध्यायातला अडतीस वर्षं आजारी असलेला माणूस जे म्हणतो ना, मला तळ्यात सोडायला कुणी नाही, ते पायऱ्या बघून समजतं. (हो, आल्यावर वाचलं मी.)

मोहरीचा_दाणा:
रेघोट्या, फार सुंदर. आम्हीही गेलो होतो तिथे, पण गाईड पुढे निघून गेला म्हणून गायलो नाही. आता चुटपुट लागली.

लांबचा_पल्ला:
मला मात्र कबरीच्या मोठ्या चर्चमधली भांडणं बघून वाईट वाटलं. एका चर्चमध्ये सहा पंथ, ग्रीक, कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, सीरियन आणि गच्चीवर इथिओपियन. कोणी कुठला दिवा लावायचा, कुठली पायरी झाडायची, सगळं ऑटोमन काळात ठरलं तसंच. दर्शनी भिंतीवर खिडकीखाली एक शिडी आहे, अठराव्या शतकातल्या चित्रांतही ती दिसते, हलवायची तर सगळ्यांची संमती लागते म्हणून तिथेच. प्रभूने शेवटच्या रात्री सगळे एक व्हावेत म्हणून प्रार्थना केली आणि त्याच्याच कबरीवर हे.

तिसरा_प्रहर:
शिडी मीही बघितली. पण पहाटे दार उघडताना बघितलंत का? किल्ली एका मुस्लिम घराण्याकडे, जुदेह, आणि दार उघडायचं काम दुसऱ्या मुस्लिम घराण्याकडे, नुसैबेह. पिढ्यान् पिढ्या, शेकडो वर्षं. अंधारात आम्ही वीस-पंचवीस जण थंडीत उभे, आतून दारातल्या झडपेतून एक लाकडी शिडी बाहेर सरकवली, त्या माणसाने ती लावली, वर चढून कुलूप काढलं, शिडी आत परत दिली. सगळं इतकं शांतपणे, रोजच्या कामासारखं. ते भांडणाचं चिन्ह म्हणा हवं तर, मला मात्र त्या माणसाच्या हाताकडे बघून कबरीपेक्षा जास्त भरून आलं. आपल्या प्रभूच्या घराचं दार कुणीतरी दुसरा रोज पहाटे उठून आपल्यासाठी उघडतोय.

जाळं_टाका:
उशिरा आलो. मोहरीताई, तुमच्या आईने कबर म्हटलं नव्हतं हो, गालीलचं पाणी म्हटलं होतं. तुम्ही स्वतःच वर लिहिलंय. मग गालीलला काय झालं ते कुठे सांगितलंत?

मी दोनदा गेलोय आणि माझं सगळं त्या तळ्यावरच आहे. नाव समुद्र, पण गोड्या पाण्याचं तळं, २१ किलोमीटर लांब, १३ रुंद, समुद्रसपाटीपासून दोनशेहून जास्त मीटर खाली. चारी बाजूंनी चढ, त्यामुळे वारा वरून एकदम खाली कोसळतो. आम्ही बोटीत होतो, आधी आरशासारखं पाणी आणि वीस मिनिटांत बोट अशी हलायला लागली की बायकांनी एकमेकींचे हात धरले. शिष्य घाबरले हे वाचताना मला आधी नवल वाटायचं, कोळी लोक आणि वाऱ्याला घाबरले? तिथे कळलं. १९८६ मध्ये दुष्काळात पाणी आटलं तेव्हा चिखलातून पहिल्या शतकातली एक बोट निघाली, जवळच्या म्युझियममध्ये आहे, सव्वाआठ मीटर लांब. बघा जाऊन. ठिकठिकाणी वेगवेगळ्या लाकडांची ठिगळं मारून वर्षानुवर्षं चालवलेली. शिमोन पेत्राची बोट अशीच असणार, गरिबाची.

तळ्याकाठच्या कफर्णहूमला पांढऱ्या दगडाचं यहुदी सभास्थान आहे, चौथ्या-पाचव्या शतकातलं, पण बाहेरून भिंतीच्या तळाशी वाकून बघा, खाली काळ्या दगडाचा जुना पाया दिसतो. पाहुणे वरचे खांब बघून फोटो काढतात. मी त्या काळ्या दगडाला हात लावून बसलो होतो.

वचन_वही:
जाळंदादा, बोटीचं वाचून पहिल्यांदा वाटलं की बघावं जाऊन.

निवांत:
नोंद घ्या रे कुणीतरी.

लांबचा_पल्ला:
प्रभूने शेवटच्या रात्री जिथे प्रार्थना केली त्या गेथशेमाने बागेतल्या झाडांबद्दल कुणी लिहिलं नाही. तिथली आठ जैतुनाची झाडं प्रभूच्या वेळची म्हणून मी खोडाला हात लावून घेतला, नंतर वाचलं की तीन झाडांचं लाकूड तपासलं तर बाराव्या शतकातलं निघालं. हिरमोड झाला.

जुनी_पाने:
हिरमोड नको. २०१२ मध्ये ते संशोधन जाहीर झालं, त्यातच हेही होतं की ती झाडं एकाच मूळ झाडाची वाण आहेत, म्हणजे कुणीतरी जाणूनबुजून एकाच झाडापासून ती लावली. आणि जैतून बुंध्यापासून कापलं तरी मुळापासून परत फुटतं, मुळं खोडाहून जुनी असू शकतात.

आता मोहरीताईंसाठी एक, बाकी सगळं राहू दे. त्या मोठ्या चर्चमध्ये हेलेनाच्या, म्हणजे कॉन्स्टंटाईनच्या आईच्या, चॅपेलकडे खाली उतरणारा जिना आहे. दोन्ही भिंती बोटभर क्रुसांनी कोरलेल्या, शेकडो, एकाला एक लागून. आजवर सगळे म्हणायचे यात्रेकरूंनी येऊन आपापले कोरले. अलीकडे इस्रायलच्या पुरातत्त्व खात्याने बारकाईने मोजमाप केलं तर खोली, धार इतकी सारखी की ते काही मोजक्याच पाथरवटांच्या हातचे असावेत असं त्यांना वाटतं. म्हणजे यात्रेकरूने सांगायचं, माझा एक कोर, आणि घरी राहिलेल्या माझ्या माणसाचाही एक कोर. कोरणाऱ्याला ती माणसं ठाऊक नव्हती. छिन्नी मारताना त्याला काही वाटलं असेल नसेल. क्रूस भिंतीवर आहेत.

मोहरीचा_दाणा:
दोन दिवस हे वाचून काही लिहिता आलं नाही.

जाळंदादा, तुम्ही विचारलंत म्हणून. गालीलला तबघाच्या जवळ काळे गोटे आहेत काठाला, तिथे मी उतरले होते. माळ पाण्यात बुडवली. पाणी कोमट होतं, गोट्यांना शेवाळ होतं, मी पडता पडता वाचले आणि हसले एकटीच. आई असती तर ओरडली असती, "पाय बघून टाक गं." दोन मिनिटं असेन. मी ते धरलंच नव्हतं, कारण माझ्या डोक्यात यात्रा म्हणजे कबर.

आणि आणखी एक आठवलं, जिन्याचं वाचून. कबरीहून परतताना दारासमोर ती लालसर दगडी लादी आहे, प्रभूचं शरीर उतरवून जिच्यावर ठेवलं असं मानतात ती. ग्रुप बाहेर उभा होता, मला हाका मारत होते. एक म्हातारी, डोक्याला पांढरा रुमाल, लादीवर सुगंधी तेल ओतून ते कापडाने टिपून घेत होती, कापड नीट घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत. तिने माझ्या हातातली माळ बघितली. काहीतरी बोलली, मला कळलं नाही. मग सरकली, जागा करून दिली, आणि मी तशीच उभी बघून तिनेच माझा हात मनगटाला धरून खाली नेला आणि माळ त्या तेलात फिरवली, एकदा, दोनदा, तीनदा. तिचा हात खरबरीत होता. मी घाईत "थँक यू" म्हटलं आणि पळाले.

काल माळ काढली. क्रुसाजवळचे तीन मणी बाकीच्यांपेक्षा काळपट आहेत. वास आता येत नाही, मी खूप वेळ नाकाशी धरून बघितलं.

कंदील:
ताई 🙏 त्या आजीला कुणी पाठवलं असेल.

वचन_वही:
मोहरीताई, तुमच्या आईंना गाणी कुठली आवडायची? आमच्याकडे रविवारी उपासनेत एक म्हणू.

मोहरीचा_दाणा:
वेगळ्या निरोपात कळवते दादा. तिला सगळीच यायची, सूर मात्र तिचा तिचाच असायचा.

तिसरा_प्रहर:
मी परत जायचं ठरवतेय, तारीख ठरली की इथेच लिहीन. या वेळी सेंट ॲनमध्ये थांबून गायचं हे नक्की. कुणाच्या घरच्यांची नावं न्यायची असतील तर मला पाठवून ठेवा, वहीत लिहून नेते.

निवांत:
माझ्या बाबांचं. आत्ताच पाठवलं.

लांबचा_पल्ला:
दोन नावं आहेत. पाठवतो.

रेघोट्या:
ख्रिश्चन नसलेल्यांची चालतील का?

तिसरा_प्रहर:
पाठवा हो.